डबा काही बोलेना!

घरातला जुना नॅस बंद पडला की आपण दोनच गोष्टी करतो. दहा वेळा स्विच बंद-चालू करतो, नाहीतर भंगारवाल्याला फोन लावतो. या दोन्हींच्या मधे लिनक्सची एक तिसरी वाट आहे. ती कुठे कुठे अडते आणि कशी मोकळी करायची, याचा हा एका वीकएंडचा स्वानुभव.

शुक्रवारची संध्याकाळ. सगळी गँग एफसी रोडवर आणि मी? मी मामाच्या घरी, लादीवर फतकल मारून, टिफिनपेक्षा जरा मोठ्या एका काळ्या डब्यासमोर. डब्याचा हिरवा दिवा एकदा लुकलुकणार, मग लाल, मग पुन्हा हिरवा. गेले चार दिवस हाच कार्यक्रम.

हा डबा म्हणजे मामाचा नॅस. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, नॅस म्हणजे घरच्या राउटरला जोडलेलं हार्ड डिस्कचं कपाट. घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवरून उघडा, फाइल ठेवा, काढा. मामा तेव्हा लग्नाचे फोटो काढायचा. २०११ साली त्याने चार डिस्कवाला हा डबा घेतला, प्रत्येक डिस्क दोन टेराबाइटची. मामाचा धंदा बंद झाला, डबा मात्र कोपऱ्यात गुरगुरत राहिला.

आता माझं यात काय अडलं होतं? मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला, २०१८मध्ये, मी पानशेतच्या पुरावर ऑडिओ प्रोजेक्ट केला होता. १२ जुलै १९६१ ज्यांनी डोळ्यांनी पाहिला अशा अकरा जणांशी गप्पा, एकूण चौदा तास. त्यातली एक माझी आजी. २०२०मध्ये माझा लॅपटॉप गेला. २०२१मध्ये आजी गेली. आणि त्या चौदा तासांची एकुलती एक कॉपी या काळ्या डब्यात होती. वर एका साप्ताहिकाला पुरावरचा लेख मी कबूल केलेला, सोमवारी द्यायचा. टेन्शन म्हणजे काय, ते त्या लाल-हिरव्या दिव्याला विचारा!

मामाने आधी डबा एका दुकानात दाखवला होता. तिथला माणूस म्हणाला, ‘डेटा गेला समजा काका. फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा होईल.’ मामाने डबा उचलला आणि थेट मला फोन केला, ‘अगं, तू कॉम्प्युटरवर असतेस ना दिवसभर? बघ काही जमतंय का.’

कॉम्प्युटरवर असते, पण वर्डमध्ये! म्हणून मी हिंजवडीत सर्व्हर सांभाळणाऱ्या एका मित्राला फोन लावला.

‘स्क्रीनवर काय दिसतंय?’ त्याचा पहिला प्रश्न.

‘स्क्रीनच नाहीये रे त्याला.’

‘मग आधी स्क्रीन लाव. आंधळेपणाने काही करू नकोस. आणि नवी सेटिंग करायची का असं कुणी विचारलं तर येस म्हणू नकोस. काही डबे त्या येसवर सगळ्या डिस्क पुसून टाकतात.’

डब्यात कॉम्प्युटरच असतो

बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की बहुतेक घरगुती नॅसच्या आत एक छोटासा, साधासा कॉम्प्युटर असतो आणि त्यावर कंपनीने आपल्या रंगात रंगवलेलं लिनक्सच चालत असतं. म्हणून तर २००४ साली लिंक्सिसचा एनएसएलयू२ नावाचा चिमुकला डबा आला, तेव्हा हौशी मंडळींनी जेमतेम ३२ एमबी रॅमवर डेबियन लिनक्स चालवून दाखवलं होतं. मामाच्या डब्यात तर २०१० सालच्या आसपासचा इंटेल अॅटम प्रोसेसर. तब्येतीने धडधाकट!

मग तो बोलत का नव्हता? मित्राने फोनवर जे समजावलं, ते मी दहीहंडीच्या भाषेत सांगते. मशीन सुरू होणं म्हणजे थरावर थर चढणं. सगळ्यात खाली बायोस, म्हणजे बोर्डावरचा मूळ प्रोग्राम. तो डिस्क शोधतो. त्याच्या खांद्यावर ग्रब, म्हणजे बूटलोडर. ग्रब कर्नलला वर चढवतो. कर्नल आपली मुख्य डिस्क शोधून जोडतो. आणि सगळ्यात वर नेटवर्क, शेअरिंग वगैरे मंडळी. खालचा थर उभा राहिला नाही, तर वरच्याला शिव्या देऊन उपयोग नाही. म्हणून पहिला प्रश्न एकच : कितवा थर कोसळला?

आपण सगळे नेमकं हेच करत नाही. काही बिघडलं की दिसेल ते बटण दाबत सुटतो. मीही पहिला तासभर तेच केलं.

शनिवार सकाळ : पहिला थर

डब्याच्या पाठीमागे दोन स्क्रूंनी बसवलेली एक पट्टी होती. ती काढली तर आत चक्क व्हीजीए पोर्ट! मामाच्या स्टुडिओतला जुना मॉनिटर माळ्यावरून खाली आला. केबल मात्र कुणाकडे नाही. आमच्या पिढीच्या घरात फक्त एचडीएमआय. तपकीर गल्लीत जाऊन व्हीजीए केबल आणली, यूएसबी कीबोर्ड लावला आणि डबा सुरू केला. पहिल्यांदाच त्याने तोंड उघडलं. तारीख दाखवली : १ जानेवारी २०१०.

म्हणजे बोर्डावरचा सेल मेलेला. सीआर२०३२, गोल बटणासारखा, कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. छोटी गोष्ट वाटते, पण हा सेल गेला की प्लग काढल्याबरोबर बायोस सगळं विसरतं. कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं तेही विसरतं. शिवाय घड्याळ पंधरा-सोळा वर्षं मागे असलं की लिनक्सचे अपडेट उतरत नाहीत, कारण मशीनच्या मते ती यादी भविष्यातून आलेली असते! सेल बदलला, तारीख लावली. पहिला थर उभा.

पुढे लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारं. ते आदल्या रात्रीच लॅपटॉपवर तयार केलं होतं. लावलं, तर डबा ढिम्म. दोन चुका निघाल्या. एक, पेनड्राइव्ह मी यूईएफआय पद्धतीने बनवला होता. नवे लॅपटॉप त्याच पद्धतीने सुरू होतात, पण या वयाच्या डब्यात जुनं बायोस. त्याला जुन्या एमबीआर पद्धतीचा पेनड्राइव्ह लागतो. दुसरी, बायोसच्या बूट यादीत ‘यूएसबी’ अशी ओळ शोधून माझे डोळे दुखले, कारण हे बायोस पेनड्राइव्हला हार्ड डिस्कच समजतं. ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह्ज’ या आतल्या मेनूत जाऊन पेनड्राइव्ह पहिल्या नंबरवर आणला. एंटर. आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या ओळी भराभर धावू लागल्या. मामा स्वयंपाकघरातून ओरडला, ‘चालू झाला का?’

झाला होता. आणि त्या धावत्या ओळींतच गुन्हेगारही सापडला. बोर्डावर ५१२ एमबीची एक छोटी फ्लॅश असते, कंपनीचं सॉफ्टवेअर तिच्यात राहतं. ती वाचता येत नाही अशा तक्रारींची रांग लागली होती. म्हणजे कॉम्प्युटर शाबूत, पण एवढीशी फ्लॅश थकून गेली आणि त्या पायी सगळा डबा मेला असं ठरवून आम्ही मोकळे!

तीन यू आणि एक रेघ

आता खरी परीक्षा, डिस्कची. मामाचा डबा रेड-५ पद्धतीचा. म्हणजे माहिती चारही डिस्कवर अशी वाटून ठेवलेली की एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून सगळं परत उभं राहतं. आनंदाची गोष्ट ही की, असे बरेच डबे लिनक्सचंच एमडीअॅडम हे रेड वापरतात. त्यामुळे कुठलंही लिनक्स ते ओळखू शकतं. मित्राने फोनवरून आज्ञा सांगितली, नुसतं जोडायचं आणि तेही वाचण्यापुरतं. स्क्रीनवर उत्तर आलं : [यूयूयू_].

प्रत्येक यू म्हणजे एक हजर डिस्क. आणि ती शेवटची रेघ म्हणजे गैरहजर. चार नंबरची डिस्क नव्हती.

माझे हात गार. ‘नवीन रेड बनवू का? चौथी जबरदस्तीने जोडू का?’

‘काहीही बनवू नकोस,’ मित्र म्हणाला. ‘क्रिएट हा शब्द टाइपसुद्धा करू नकोस. जुन्यावर नवं रेड लिहिलंस तर मग मीही काही करू शकणार नाही. तीन आहेत ना? तिघींवर चालतं. आधी कॉपी काढ.’

फोल्डर उघडले. मामाची लग्नं, सालवार. मुंजी, बारशी. आणि तळाशी ‘पानशेत’. चौदा तासांचं रेकॉर्डिंग, नऊ जीबीच्या आसपास. बाहेरची यूएसबी डिस्क लावून सगळ्यात आधी तेच ओढलं. जुनी यूएसबी-२, सेकंदाला तीसेक एमबी, म्हणजे पाच मिनिटं. ती पाच मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

मग उरलेलं सगळं, दोन टेराबाइटच्या आसपास. त्याच वेगाने हिशेब केला तर अठरा तासांच्या वर. डबा रात्रभर कुरकुरत राहिला आणि मी मामाच्या सोफ्यावर झोपले. इथे एक गोष्ट ठसठशीत कळली. रेड म्हणजे बॅकअप नव्हे! रेड फक्त एका डिस्कच्या मरणापासून वाचवतं. चुकून डिलीट केलं, चोरी झाली, वीज कडाडली किंवा दुसरीही डिस्क गेली, तर रेड काही करू शकत नाही. आम्ही सात वर्षं एका रेघेच्या अंतरावर बसलो होतो.

रविवार दुपार : नवं घर बांधताना

कॉपी झाली, तेव्हा थांबता आलं असतं. पण डबा टाकून का द्यायचा? त्यात नवं लिनक्स घातलं तर दुसऱ्या कॉपीची जागा म्हणून अजून काही वर्षं काम करेल. आणि जुन्या डब्यात कंपनीचं जुनंच सॉफ्टवेअर चालवत राहणं शहाणपणाचं नसतं. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डिस्कचे अपडेट २०१५मध्ये थांबले आणि जून २०२१मध्ये इंटरनेटवरून आलेल्या हल्ल्यात अनेकांच्या डिस्क घरबसल्या पुसल्या गेल्या. तेव्हा नवं लिनक्स हा हौशीचा मामला नाही, सुरक्षेचाही आहे.

मित्राची पहिली सूचना : इन्स्टॉल करण्याआधी चारही डिस्क डब्याबाहेर काढ. प्रत्येकीवर कप्प्याचा नंबर लिहून कागद चिकटव. इन्स्टॉलर ‘कुठली डिस्क पुसू?’ असं विचारतो, तेव्हा पुसता येईल अशी डिस्क एकच समोर असावी. इतकं साधं, पण हे मला सुचलं नसतं.

एक १२० जीबीची एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून मागे लावली आणि तिच्यावर डेबियन १२ चढवलं. या आवृत्तीपासून नेटवर्क कार्ड वगैरेंचं फर्मवेअर इन्स्टॉलरच्या सोबतच येतं, त्यामुळे ती जुनी डोकेदुखी नव्हती. शेवटी त्याने विचारलं, ग्रब कुठल्या डिस्कवर बसवू? मी यादीतलं पहिलं नाव दाबलं. एंटर.

आणि तिथेच फसले.

डबा एकदा सुरू झाला. मी नाचले. पुन्हा सुरू केला, तर काळी स्क्रीन आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा पुन्हा चालू! असा मूडी बिघाड सगळ्यात वाईट, कारण आपण काय केलं म्हणून चाललं हेच कळत नाही. पण थर आठवले. कर्नलची एकही ओळ दिसत नाही, म्हणजे गडबड बायोस आणि ग्रब यांच्यातच. मग लक्षात आलं की यादीतलं पहिलं नाव एसएसडीचं नव्हतंच. ती बोर्डावरची थकलेली फ्लॅश होती! ग्रब मी तिच्या खांद्यावर चढवला होता, आणि ती कधी उभी राहत होती, कधी कोसळत होती.

उपाय सोपा निघाला. इन्स्टॉलरच्याच पेनड्राइव्हवर ‘रेस्क्यू मोड’ असतो. त्यात ग्रब पुन्हा बसवायचा पर्याय आहे. या वेळी नाव वाचून, आकार बघून एसएसडी निवडली. मग बायोसच्या यादीत एसएसडी पहिली आणली. लागोपाठ पाच वेळा बंद-चालू. पाचही वेळा पास.

आता डिस्क परत कप्प्यांत, नंबर बघून. आणि पुन्हा काळी स्क्रीन! झालं असं की नव्या डिस्क दिसताच बायोसने आपली यादी पुन्हा मांडली आणि एसएसडी तळाला ढकलली. ती वर आणली, तर एक थर पुढे सरकलो. कर्नल आला, पण ‘इनिट्रॅमएफएस’ असं लिहून थबकला. म्हणजे त्याला मुख्य डिस्क सापडेना. कारण फारच घरगुती होतं. चार डिस्क सुरू व्हायला वेळ घेत होत्या, यूएसबीवरची एसएसडी रांगेत शेवटी जागी होत होती, आणि कर्नल तेवढ्यात दार वाजवून निघून गेलेला. ग्रबच्या मेनूवर ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीत ‘रूटडिले’ दहा सेकंद असं लिहिलं. दहा सेकंद थांब रे बाबा, एवढंच! चाललं. मग ते ग्रबच्या सेटिंगमध्ये कायमचं टाकलं.

एफ-वन दाबा म्हणे

संध्याकाळी सात. मॉनिटर आणि कीबोर्ड काढून डबा त्याच्या कोपऱ्यात ठेवला. सुरू केला. नेटवर्कवर पत्ताच नाही. पुन्हा मॉनिटर लावला, तर स्क्रीनवर कॉम्प्युटरच्या इतिहासातला सगळ्यात जुना विनोद : कीबोर्ड सापडला नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. अरे, कीबोर्डच नाही तर दाबू काय, कपाळ? बायोसमध्ये ‘चूक दिसल्यास थांबा’ अशा अर्थाची सेटिंग असते, ती बंद केली.

तरी नेटवर्क नाही. मागे दोन लॅन पोर्ट, मी केबल दुसऱ्यात खुपसली होती. यावर मी जास्त काही बोलणार नाही.

सव्वाआठला लॅपटॉपवर डबा दिसला. चौथी डिस्क तपासली तर तिच्यावर खराब जागा वाढत चाललेल्या. ती निवृत्त केली, नवी घातली. मग मात्र रेड स्वतःहून भरत गेलं आणि सोमवारी पहाटे रेघेच्या जागी चौथा यू आला. पंखा मात्र फुल स्पीडवर विमानासारखा घोंगावत होता, कारण त्याला आवरायचं काम कंपनीचं सॉफ्टवेअर करायचं. तेही लिनक्सवर शिकवता येतं, पण तो पुढच्या वीकएंडचा विषय.

रविवारी रात्री जेवणं झाल्यावर मी लॅपटॉपवर डब्यातलीच एक फाइल उघडली. आधी भांड्यांचा आवाज आला, मग आजीचा. ‘पाणी आलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. पोळपाट तिथेच राहिला बघ. पोरांना काखोटीला मारलं आणि पर्वतीकडे पळालो.’

त्या पोरांतला एक माझा मामा. तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठला, डब्यावरची धूळ रुमालाने पुसली आणि म्हणाला, ‘ही दुसरीकडे पण ठेव गं.’

ठेवलीय मामा. आता तीन ठिकाणी आहे. आणि लेख सोमवारी वेळेत गेला!

तुमचाही डबा रुसलाय?

• आधी बघा, मग दाबा. स्क्रीनवर काहीच नाही : वीज, रॅम, केबल तपासा. नुसती लुकलुकती रेघ : बायोसला बूट होणारी डिस्क मिळालेली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ : ग्रब अर्धवट चढलाय. ‘इनिट्रॅमएफएस’ : कर्नल आला, मुख्य डिस्क सापडली नाही. लॉगिन आलं पण नेटवर्क नाही : केबल आणि पोर्ट.

• प्रोसेसर किती बिटचा? जुन्या अॅटममधले काही, उदाहरणार्थ एन२७०, फक्त ३२ बिटचे. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलर नाही; डेबियन १२मध्ये होता.

• एआरएम प्रोसेसरचे डबे वेगळे. त्यांना बहुधा मॉनिटरची सोयच नसते. बोर्डावरच्या सिरियल पिनांना यूएसबी केबल जोडून बोलावं लागतं. ती बहुधा ३.३ व्होल्टची लागते, आणि तिची वीजपुरवठ्याची तार जोडायची नसते. खात्री नसेल तर जाणकाराला बोलवा.

• डिस्कवर नंबर टाका. इन्स्टॉल करताना डेटाच्या डिस्क बाहेरच ठेवा.

• रेड जोडा, नवं बनवू नका. आणि पहिल्यांदा उघडलं की सगळ्यात आधी कॉपी काढा.

• दोन गोष्टी एकदम बदलू नका. एक बदला, बंद-चालू करून बघा, कागदावर लिहा. रविवारी रात्री तोच कागद तुम्हाला वाचवेल.